मामाजी, तुमचे सोनेरी गप्पी

मामाजी, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले, आणि काल दुपारपर्यंत मी तुमच्यावर रागावलेली होते.

रडून तर झालं होतं. आल्यागेल्यांचा चहा उकळताना रडले, मोरीत भांडी घासताना रडले. एके सकाळी अंगणातल्या माशांच्या नांदीवरचं ओलं पोतं बाजूला केलं आणि सवयीनं "मामाजी, मासे बरे आहेत" असं म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा तर हुंदका आवरेना. पण रडणं वेगळं आणि राग वेगळा. रडायला घरात बाकीचेही होते. राग माझा एकटीचा होता, कारण तो तुमच्या-माझ्यातल्या एका गोष्टीचा होता. आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, तुम्ही एक गोष्ट सांगणार होता. तीस वर्षांपूर्वी बोललेला एक शब्द परत घेणार होता. दोन वर्षं मला "उद्या सांगतो, सूनबाई" म्हणत राहिलात, आणि मग एका दुपारी जेवून खाटेवर पडलात ते उठलाच नाहीत. तुमचं न सांगितलेलं माझ्या पदरात टाकून गेलात. हे काही बरं नाही केलंत.

लोक येतात, चटईवर बसतात आणि म्हणतात, म्हाताऱ्याला चांगलं मरण आलं. गांधीबागेतल्या रंगाऱ्यांत त्यांच्यासारखा पक्का लाल कोणी काढला नाही, धुऊन धुऊन लुगडं फाटायचं पण रंग जायचा नाही, असंही म्हणतात. खरं आहे, पण तुमचे ते दिवस मी पाहिलेच नाहीत. मी वर्ध्याहून लग्न होऊन आले तेव्हा विणकर मंडळी गिरणीत रंगवलेलं सूत घ्यायला लागली होती आणि अंगणातल्या तुमच्या सूत रंगवायच्या, हौदासारख्या सहाही नांदी कोरड्या पडल्या होत्या. मला आठवता ते नांदीवर ओणवे झालेले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले. चष्म्याला दोरा बांधून तो डोक्यामागे आवळलेला, कारण तो दोनदा पाण्यात पडला होता.

मासे कसे आले ते आठवतं ना? पावसाळ्यात नांदींमध्ये पाणी साचलं आणि मलेरिया खात्याचा माणूस बॅटरी घेऊन आला. नांदीत डोकावून म्हणाला, "आजोबा, इथं तर डासायचा कारखाना लावला तुम्ही. फोडून टाका ह्या नांदी."

"फोडून टाक? माह्या बापानं मांडल्या ह्या नांदी! तुह्या खात्याच्या बापानं मांडल्या का गा?"

तो बिचारा घाबरला. सायकलला लटकवलेल्या डब्यातून त्यानं मगभर पाणी तुमच्या नांदीत ओतलं, म्हणाला, हे गप्पी मासे आहेत, डासांची अंडी-पिल्लं खातात, आणि निघून गेला. तुम्ही आठ दिवस त्या नांदीकडे बघितलं नाही. मग एका सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते, तर तुमची हाक आली. घरात येऊन सहा महिने झाले होते मला, पण तुम्ही नाव घेऊन पहिल्यांदाच हाक मारली होती.

"सुमन, इकडे ये वं. हे पाय."

नखाएवढा मासा, आणि शेपटी निळी म्हणावी की हिरवी की जांभळी! तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्सं हात रंगवले, पण असा मोरपंखी नाही निघाला माह्याच्यानं." मी पटकन बोलून गेले, की रंग फक्त नराला असतो, माद्या बघा सगळ्या मातकट. तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. "तुले कसं ठाऊक?" मी म्हटलं, कॉलेजात एक वर्ष शिकले होते प्राण्यांचं, मग लग्न झालं. "अन् पुस्तक?" ते वर्ध्याला, माझ्या पेटीत.

पुढच्याच रविवारी तुम्ही एसटीनं वर्ध्याला जाऊन थडकलात. व्याही अचानक दारात बघून माझे बाबा घाबरले. पोरीनं काय प्रताप केला, म्हणून त्यांनी हात जोडले. तुम्ही म्हणालात, "काही नाही गा व्याहीबुवा, तिची पेटी घ्याले आलो." त्यानं तर ते आणखीच घाबरले! संध्याकाळी तुम्ही पेटी डोक्यावर घेऊन गल्लीतून आलात. सासऱ्यानं सुनेची पेटी डोक्यावर आणलेली या गल्लीनं कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हे माझं घर आहे.

मग तुम्हाला वेड लागलं. सीताबर्डीवर एक माणूस काचेच्या पेटीत मासे विकायचा, त्याच्याकडून तुम्ही दोन सोनेरी गप्पी आणले, एका वेतातला एक नर आणि एक मादी, अगदी पिल्लंच. अंग हळदीसारखं पिवळंधमक, पण नराची शेपटी फिकी, रंग नावाला. तुम्ही ठरवलं, सोनेरी अंगाला मोरपंखी शेपटी लावायची. आल्याबरोबर त्या दोघांना दोन वेगळ्या नांदीत टाकलंत. मी म्हटलं, राहू द्या की एकत्र. तर म्हणालात, "भाऊ-बहीण होत ते. जवान झाल्यावर एका नांदीत नको." मला हसू आवरेना, पण पदर तोंडात धरला. काय माहीत होतं की तुमच्या त्या सोवळेपणानंच पुढं सगळं जमणार होतं.

आपली पहिली चूक आठवते? सोनेरी नर मोठा झाला. तुम्ही मलेरियावाल्या नांदीतली एक चांगली टपोरी मादी उचलून त्याच्याजवळ टाकली. महिन्यानं पिल्लं झाली आणि सगळी मातकट निघाली. तुम्ही कपाळावर हात मारलात. तेव्हा मला तुम्हाला ते सांगावं लागलं. मामाजी, आयुष्यात तेवढी लाज मला कधी वाटली नाही! पदर नाकापर्यंत ओढून, नांदीकडे बघत मी सांगत होते, की मादी एकदा नरासोबत राहिली, की पुढं कितीतरी महिने त्याचीच पिल्लं देत राहते, मग तो नर जवळ असो की नसो. तुम्ही आभाळाकडे बघत ऐकत होता. मग म्हणालात, "म्हंजे हे पोट्टे आपल्या सोन्याचे नाहीतच?"

"नाहीत, मामाजी."

"मंग तो बिचारा खालीपिली बदनाम झाला ना!"

म्हणजे आता कोरी मादी हवी होती, नराचं वारंही न लागलेली. पिल्लं तीन आठवड्यांची व्हायच्या आत नर आणि माद्या वेगळ्या करायच्या. इथं कामाला आले वामनभाऊजी. तुमचे थोरले, माझे मोठे दीर, जन्मापासून बहिरे. दिवसभर कापडाच्या दुकानात थानांच्या घड्या घालायचे आणि संध्याकाळी नांदीवर येऊन बसायचे. मला भिंग लागायचं, त्यांना लागत नव्हतं. पिल्लाच्या पोटाखालचा पर जरासा टोकदार व्हायला लागला, की भाऊजी ओठांवर बोट फिरवून मिशी काढायचे. मादी असली की कपाळावर बोट टेकवून कुंकू. एकदाही चुकले नाहीत.

भाऊजींची गोष्ट मला लग्नानंतर पंधरा दिवसांतच शेजारणीनं सांगितली होती, आवाज बारीक करून. वामन पोटात असताना आत्याबाईंनी ग्रहणात कोहळं चिरलं. वामन दोन वर्षांचा झाला, मागे थाळी वाजवली तरी मान वळेना. तेव्हा तुम्ही चार माणसांत आत्याबाईंकडे बोट केलंत आणि म्हणालात, "हिनंच केलं." बस, एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. पण तेवढं पुरलं. ग्रहण आलं की गल्लीतली कोणी ना कोणी बाई पोटुशी सुनेला घेऊन यायची आणि आत्याबाईंकडे बघून सुनेला म्हणायची, सांभाळून राहा गं. आत्याबाई खाली मान घालून बसायच्या. माझं पुस्तक सांगत होतं, की ग्रहणाचा आणि कानाचा काही संबंध नाही. पण नव्या सुनेनं बोलायचं कोणासमोर?

तर भाऊजींनी निवडलेल्या कोऱ्या माद्या सोनेरी नराजवळ टाकल्या. तीस पिल्लं झाली आणि पुन्हा सगळी मातकट! तुम्ही तर खचलातच. "सोनं बुडालं, सूनबाई. पिवळ्यात निळा पडला का हिरवा होते. मंग त्या हिरव्यातून पिवळा वेगळा काढाले ब्रह्मदेव आला तरी होत नाही." असं म्हणून टोपलं घेऊन पिल्लं विहिरीत टाकायला निघालात. मी आडवी झाले.

"पण मामाजी, हिरवा झालाच कुठे? रंग मिसळला असता तर पिल्लं फिकी सोनेरी तरी निघाली असती. ही तर मातकटच्या मातकट आहेत."

तुम्ही थांबलात. टोपलं खाली ठेवलंत. रंगाऱ्यालाच पटावं असं ते होतं. मला वाटतं, त्या क्षणी तुम्हाला खरं तर सगळं समजलं, पुढचं मी नुसतं बोलून दाखवलं. मी म्हटलं, पुस्तकातल्या एका संन्यासी पाद्र्यानं वाटाणे पेरून हेच पाहिलं होतं, रंग मिसळत नाही, लपतो. प्रत्येकाजवळ दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. मातकट चिठ्ठी एक जरी असली, तरी सोन्याच्या चिठ्ठीचं काही चालत नाही, ती मुकाट्यानं आत बसून राहते. दोन्ही चिठ्ठ्या सोन्याच्या आल्या, तरच मासा सोनेरी.

"मंग दोन्ही कशा आणाच्या?"

"या तीस पिल्लांचं आपसातच लावायचं."

तुमचा चेहरा मी विसरणार नाही. "म्हंजे भावा-बहिणीचं?"

"नाहीतर मग यातली एखादी मादी परत त्या सोनेरी नराला."

"म्हंजे बापाले? राम राम राम!" तुम्ही दोन्ही कानांवर हात ठेवलेत. "तुह्या पुस्तकातल्या त्या वाटाणेवाल्या बुवाले घरदार नव्हतं वाट्टे."

मी म्हटलं, मासे आहेत ते, त्यांना काय कळतंय? तुमच्या नांदीत यायच्या आधी तळ्यात काय करत होते ते? तुम्ही म्हणालात, "तळ्यात त्यायचं ते पाहून घेतीन. माह्या नांदीत माहा कायदा." दोन महिने नर एका नांदीत, माद्या दुसऱ्या नांदीत. मी पुस्तक आपटलं, तुम्ही टोपी आपटली. तुमचे धाकटे चिरंजीव हिंगण्याच्या कंपनीतून पाळी करून यायचे आणि म्हणायचे, या घरात माशांवरून सासरा-सून बोलत नाहीत, हे बाहेर कोणाला सांगू?

आणि मग त्या सकाळी मी पोळ्या लाटत होते, तर तुम्ही चुलीपाशीच येऊन उभे राहिलात.

"सूनबाई! आते-मामे चालते का तुह्या पुस्तकाले?"

"पुस्तकाला सगळंच चालतं, मामाजी. तुमचंच अडलंय."

"मंग झालं तर!" खडूनं तुम्ही फरशीवर मांडून दाखवलं. सोनेरी भावाच्या पोरी आपल्याजवळ आहेतच. दुसऱ्या नांदीत त्याची सोनेरी बहीण बसली आहे, कोरी. तिला मोरपंखी शेपटीचा नवरा करून द्यायचा. तिचे पोट्टे आणि भावाच्या पोट्ट्या, म्हणजे आतेभाऊ आणि मामेबहीण. "हे लगन तर आपल्यात चालतेच. माहंच पाय ना. वामन्याची माय माह्या सख्ख्या मामाची पोरगी."

आतून आत्याबाई ओरडल्या, "माशायच्या लगनात माहं नाव काहून काढून राहिले?"

मामाजी, मी पुस्तक उघडून हिशेब करून पाहिला आणि थक्क झाले. एकदम बरोबर होता. आतेभावाजवळ आईकडून आलेली सोन्याची एक लपलेली चिठ्ठी, मामेबहिणीजवळ बापाकडून आलेली एक. वर शेपटीचा रंग बापाकडून थेट पोराला जातो, म्हणजे मोरपंखी शेपटीही ठरलेली. आमच्या प्रोफेसरांनीसुद्धा असा घाट घातला नसता! तुम्ही तो पुस्तकातून नाही, सोयरीक जुळवायच्या अकलेतून काढला होता.

लग्न लावलंत तुम्ही. खरोखर लावलंत. आतेभावांतला सगळ्यात मोठ्या शेपटीचा नर आणि मामेबहिणींतल्या चार माद्या एका नांदीत सोडल्या आणि वरून चिमूटभर अक्षता टाकल्या. भाऊजींनी थाळी वाजवली. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण हाताला कंप लागायचा म्हणून त्यांना आवडायचं. अक्षता नवरदेवानंच खाऊन टाकल्या.

महिन्यानं पिल्लं झाली. माय मातकट, बाप मातकट, आणि बेचाळीस पिल्लांत अकरा पिवळीधमक! भाऊजींनी मला ओढत नेलं. तुम्ही नांदीभोवती नाचत होता, या वयात, धोतर सुटायला आलं होतं. मी म्हटलं, पुस्तक म्हणतं चारात एक, मोजून घ्या. भाऊजी बोटांवर मोजत होते आणि हसत होते. तसं त्यांचं मोठ्यानं हसणं, स्वतःला न ऐकू येणारं.

आणि तुम्ही एकदम नाचायचे थांबलात. त्यांच्याकडे बघत राहिलात.

"सूनबाई," तुम्ही म्हणालात, "हे दोघायकडून आलं ना? एकट्या मायकडून नाही येऊ शकत?"

"नाही, मामाजी. अर्धं आईचं, अर्धं बापाचं. दोघांजवळ लपलेलं असलं तरच."

"अन् मायनं पोटुशी असताना काही केलं-सवरलं, तर?"

तेव्हा मला कळलं, की तुम्ही माशांचं विचारत नव्हता. मी म्हटलं, "नाही. त्यानं काहीच होत नाही. आधीच ठरलेलं असतं. आणि एकाच घराण्यातले नवरा-बायको असले, की लपलेलं वर यायची शक्यता जास्त."

तुम्ही नांदीच्या काठावर बसलात. "मंग अर्धं माहंच होतं," म्हणालात. "अन् मी तिले चार माणसायत..." भाऊजींनी तुमच्या खांद्याला हात लावून खुणेनं विचारलं, काय झालं. तुम्ही मान हलवलीत आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवलात, बत्तीस वर्षांच्या माणसाच्या.

त्या दिवशी मी तुमच्याकडून वचन घेतलं, की आत्याबाईंना हे सांगायचं. एक शब्द परत घ्यायचा, बाकी काही नाही. तुम्ही हो म्हणालात. आणि मग सुरू झाला तुमचा उद्या. सोनेरी नरांना मोरपंखी शेपट्या फुटल्या, आखाडाला आलेली पाहुणे मंडळी बघून गेली, सीताबर्डीचा तो मासेवालाही हात जोडून गेला, पण तुमचा उद्या काही येईना. मी विचारलं, की तुम्ही अंड्याचा बलक कुस्करत बसायचे. आत्याबाई कुरकुरायच्या, "पोरायले अंडं नाही अन् माशायले रोज अंडं," आणि तुम्हाला विषय बदलायला निमित्त मिळायचं.

एकदा मात्र तुम्ही खरंच धीर केलात. मी दाराआड उभी राहून ऐकलं, आता कबूल करते.

"वामन्याची माय, इकडे ये जरा. हे पाय. माय मातकट, बाप मातकट, अन् पोट्टे सोन्याचे. सोनं म्हण का दोष म्हण, येते ते दोघायकडून. एकट्या बाईचं नसते."

"बरं."

"तर मी म्हणून राहिलो होतो, का वामन्याच्या वेळी..."

"चहा थंडा होऊन राहिला," आत्याबाई म्हणाल्या. "अन् ते पोतं ओलं करा, ऊन केवढं हाये. मासे मरतीन." आणि गेल्या की आत.

तुम्ही माझ्याकडे हात पसरलेत, म्हणालात, "आयकतच नाही, तर काय करू?" आणि मी, मामाजी, मी तुम्हाला फाडकन बोलले. म्हटलं, "तुम्हाला मासा कळतो, बायको कळत नाही." सुनेनं बोलू नये ते बोलले. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी संत्रा बर्फीचा पुडा माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, "उद्या सांगतो." ते भांडण आपलं तसंच राहिलं. मला त्याची माफी मागायची होती. बघा, मी तुम्हाला उद्या-उद्या म्हणून टोचत राहिले आणि माझाही उद्या राहून गेला.

तुमचं ऋणच मोठं होतं हो माझ्यावर. त्या सोनेरी पिल्लांनंतर तुम्ही पंगतीत जाहीर केलंत, "हिचं पुस्तक अर्धं राहिलं, ते पुरं कराचं," आणि मला पुन्हा कॉलेजात घातलंत. दोन वर्षं सकाळच्या पोळ्या आत्याबाईंनी केल्या, एक शब्द न बोलता. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला तुम्ही फाटकाबाहेर डबा घेऊन उन्हात बसलात. शिपायानं विचारलं, कोणाचे वडील? तुम्ही म्हणालात, सुमनचा. सासरा म्हणाला नाहीत. मी आतून ऐकलं आणि पेपरात बेडकाचं हृदय चुकीचं काढलं.

तुम्ही जायच्या आदल्या संध्याकाळीही म्हणालात, "सूनबाई, मले रात्री झोप नाही येत. ते मनात फिरून राहते. उद्या सांगतोच." मी कंटाळून म्हटलं, "हो, हो, सांगा." ते आपलं शेवटचं बोलणं.

म्हणून काल मीच सांगितलं. आम्ही दोघी तेरवीचे तांदूळ निवडत बसलो होतो. भाऊजी अंगणात नांदी धूत होते. मी म्हटलं, "आत्याबाई, मामाजींना तुम्हाला एक सांगायचं होतं." आणि सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचं, आते-माम्याचं, अर्धं तुमचं अर्धं त्यांचं, ग्रहणाचा काही संबंध नसल्याचं. आत्याबाई खडे वेचत होत्या. माझं संपलं तेव्हा त्यांनी खडे मुठीत घेतले आणि म्हणाल्या, "मी ग्रहणात काही चिरलंच नव्हतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"गल्लीतल्या बायायनं इचारलं, ग्रहणात काही कापलं-चिरलं का? मी म्हटलं, हो, कोहळं चिरलं. कोहळं तर घरात नव्हतंच त्या दिवशी."

"काहून पण, आत्याबाई?" माझ्या तोंडून तुमचीच बोली निघाली.

"माह्या आजाचा भाऊ तसाच होता. उमरेडले गुरं चाराले जाये. ना आयके, ना बोले. मी लहानपणी पाह्यला त्याले, ह्यायनं नाही पाह्यला. अन् माहा आजा म्हंजे ह्यायच्या मायचा बाप, एकच घर. वामन्या मागं वळून पाहेना, तवाच समजलं मले, कोठून आलं ते. आता घराण्यात हाये म्हटलं असतं, तर ह्यायच्या बहिणीचं लगन व्हायचं होतं, ते झालं असतं? तुह्या नवऱ्याले कोणं पोरगी देल्ली असती? तुह्या बापानं देल्ली असती का? ग्रहणाचं नाव घेतलं का एका बाईवर निपटते. घरावर येत नाही."

मामाजी, मी पाटावर बसल्या बसल्या थिजले. मी बी.एस्सी. झाले, तुम्ही दोन वर्षं नांदीवर वाकून काढलीत, आणि जे आपल्याला बेचाळीस पिल्लं मोजून कळलं, ते या बाईला वामनभाऊजी दोन वर्षांचे असतानाच कळलं होतं. आणि कळल्याबरोबर ते तिनं स्वतःवर घेतलं, सगळ्या गल्लीसमोर, जन्मभरासाठी. आज मी या घरात आहे, तीसुद्धा त्यांच्या त्या खोट्यामुळे.

"मग मामाजींना तरी सांगायचं होतं!"

"त्यायच्या पोटात राह्यलं असतं? चार जणायत बोलले असते." हे मात्र तुम्हाला मान्य करावं लागेल. मग आत्याबाईंचा आवाज बारीक झाला. "त्या दिवशी मले नांदीपाशी नेलं ना, तवा समजलं मले, हे माफी मागून राहिले. पुरं बोलू देल्लं असतं, तर मले खरं सांगा लागलं असतं, का तीस वर्सं तुमच्याशी खोटं बोलली म्हणून. मले हिंमत नाही झाली वं. म्हणून चहाचं काढलं."

त्या रडल्या, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी त्यांना जवळ घेतलं. माझा तुमच्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. ज्या माणसाला मी भित्रा म्हणत होते, त्यानं आपला शब्द परत घ्यायला हात पुढं केला होता, आणि जिला मी बिचारी समजत होते, तिनं तो हात मुद्दाम परतवला होता. तुम्हा दोघांना एकमेकांची इतकी काळजी होती, की तुमचं बोलणंच झालं नाही. हे तुम्ही ऐकायला हवं होतं, मामाजी. तुम्ही नसताना ते मला ऐकावं लागलं, याचं फार वाईट वाटतंय.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "सुमन, खरं सांग. जाताना त्यायच्या मनात ते होतं का? जीव लागून होता का त्यायचा त्याच्यात?"

तुमची ती आदली संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तुमची न येणारी झोप आणि तो उद्या.

"नाही, आत्याबाई," मी म्हटलं. "ते तर केव्हाचेच विसरले होते."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मुठीतले खडे त्यांनी अंगणात टाकले आणि तांदळाचं सूप माझ्यापुढं सरकवलं.

"तूही शिकली वं," त्या म्हणाल्या.